किती फूट?

आमच्या गावभागात ऑगस्ट लागला की
माणसं एकमेकांना बरं आहे का विचारत नाहीत, विचारतात
आयर्विनला किती फूट?
दूधवाला, पेपरवाला, औषधाच्या दुकानातला पोरगा,
सगळ्यांना खांबावरची पट्टी पाठ.
चाळीसला इशारा. पंचेचाळीसला धोका.
आणि त्या वर्षी सत्तावन्न, जेव्हा आमचा फ्रीज
स्वयंपाकघरातून निघाला आणि बैठकीत येऊन
पाहुण्यासारखा आडवा पडला.

सुमेधा तेव्हा सहावीत होती.
आता बारावी. नीटचे पेपर सोडवते,
सोडवून झाले की उत्तरं जुळवत नाही,
बाथरूममध्ये नळ सोडून बसते.
मी दाराबाहेर, कणकेने भरलेले हात तसेच.
काय झालं म्हटलं की, काही नाही.
बरी आहेस ना म्हटलं की नळ आणखी मोठा.
एकदा असंच तोंडातून गेलं,
"किती फूट?"
नळ बंद झाला.
आतून आवाज आला, "एकोणचाळीस."

तेव्हापासून घरात हेच चालतं.
डबा भरताना बत्तीस.
रविवारी टेस्टच्या आधी त्रेचाळीस, तळहाताला घाम.
एकदा सत्तावीस म्हणाली, तर मी शिरा केला.
आकड्याचं कारण विचारायचं नाही, एवढाच नियम.
आपल्याकडे पाऊस नसतानाही पाणी चढतं,
हे सांगलीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.
वर कोयनेचे दरवाजे उघडतात,
दोन दिवसांनी आपल्या उंबऱ्याशी.
ह्यांचं गिऱ्हाईक उधारी बुडवतं कोल्हापूर रोडच्या दुकानात
आणि रात्री आमटीत मीठ कमी पडतं.
ते माझ्यावर, मी धाकट्या मल्लूवर,
मल्लू चप्पल भिरकावतो गल्लीतल्या कुत्र्यावर.
पेपरात ह्याला विसर्ग म्हणतात.

मार्चमधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा.
नदीला पाणी गुडघ्याएवढं,
घाटाच्या खालच्या पायऱ्याही उघड्या.
मी पतसंस्थेतला हिशोब घरी आणलेला,
सतराशे रुपयांचा फरक, बेरीज चौथ्यांदा.
सुमेधा पाणी प्यायला आली,
तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.
"आई, तुझं किती?"

मला कुणी विचारलंच नव्हतं.
"अठरा," मी म्हटलं,
आपण चटकन म्हणतो तसं.
ती हलली नाही.
"खरं सांग. पट्टी मी बघतेय."
मी पेन खाली ठेवलं.
"सेहेचाळीस असेल गं. दिवाळीपासनं."

मला वाटलं, घाबरेल.
तिने नुसती मान हलवली, पूर बघितलेल्या माणसासारखी.
"मग सामान वर घ्यायला पाहिजे."
माझी वही मिटून फडताळावर ठेवली,
माझा फोन तांदळाच्या डब्यामागे,
स्वतःचं फिजिक्सही त्याच्यावर.
त्या वर्षी तरी आम्ही पाणी कुठं अडवलं होतं,
गाद्या तेवढ्या माळ्यावर टाकल्या होत्या.

भडंगाचा डबा निघाला. शेंगदाणे आधी संपले.
आतल्या खोलीतून ह्यांची पावलं,
"झोपायचं सोडून काय चाललंय?"
"पाणी बघतोय," सुमेधा म्हणाली.
आता आवाज चढणार, मी अंग चोरलं.
ते दारातच थांबले. मग मूठभर भडंग घेऊन
भिंतीला टेकून खाली बसले.
त्या भिंतीवर अजून ती रेघ आहे,
त्यांच्या डोक्याच्या दोन विती वर,
दोनदा रंग दिला तरी उमटते.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"माझं पुलावरनं चाललंय."

कुणी काही बोललं नाही.
सुमेधाने डबा त्यांच्याकडे सरकवला.
सतराशेचा फरक सापडलेला नव्हता,
रविवारची टेस्ट होतीच.
मल्लू झोपेत कूस बदलून काहीतरी पुटपुटला
आणि आम्ही तिघांनीही एकदम कान टवकारले,
आकडा आहे का.